धाकट्या बाई आणि इंजिनचा पिवळा दिवा

शहरातल्या निम्म्याअधिक लोकांना गाडी शिकवली ती दोघी बहिणींनी. एक थोरल्या बाई, एक धाकट्या बाई. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर दोघींची खरी नावं होती, पण ती वाचायची तसदी कुणी घेतली नाही. थोरल्या बाई कडक. बँकेचा मॅनेजर असो की कॉलेजातली पोरगी, स्टिअरिंग हातात घेतलं की सगळे ‘अरे’ आणि ‘अगं’. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस स्वतःच्या घरात शिरतानाही आधी आरसा बघतो, अशी थट्टा लोक करायचे. धाकट्या बाई मऊ. सगळ्यांना अहो-जाहो. एकदा गाडी शिकणाऱ्या एका वकिलांनी ती कुणाच्या तरी फाटकावर घातली, तेव्हा धाकट्या बाईंनी आधी फाटकवाल्याची माफी मागितली, आणि मग धक्का बसला म्हणून वकिलांचीही.

दोघींनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे सुरुवातीला पुष्कळ होते, पुढे ते थकले. दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच ओट्याशी एकमेकींच्या कोपराला कोपर लावून उभ्या राहिल्या, भांडल्या, अबोला धरला, आणि सकाळच्या पहिल्या शिकवणीची वेळ झाली की गाडीची किल्ली पुढे करायच्या निमित्ताने तो सोडून दिला.

थोरल्या बाईंचं विसरणं रस्त्यांपासून सुरू झालं. एके दुपारी एका शिकणाऱ्या बाईंचा फोन आला. आम्ही एका बोळात आहोत, पुढे भिंत आहे, आणि बाई काहीच सांगत नाहीत. धाकट्या बाई रिक्षा करून पोचल्या तेव्हा थोरल्या बाई बाजूच्या सीटवर हात मांडीत घेऊन शांत बसल्या होत्या. बहिणीला बघून म्हणाल्या, ‘‘हा रस्ता काल होता.’’

त्यानंतर गाडीवरची पाटी उतरवली. गाडीच्या टपावर तिच्या जागी गंजाचे दोन ठिपके राहिले. मग रस्त्यांमागून वस्तूंची नावं गेली, माणसं गेली, आणि गॅस सुरू ठेवून थोरल्या बाई घराबाहेर निघून गेल्या त्या दिवशी धाकट्या बाईंनी मनावर दगड ठेवला. डोंगरापलीकडच्या गावात अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. स्वच्छ होती, तिथल्या बाया मायेने वागत. धाकट्या बाईंनी ताईची बॅग भरली, तिला गाडीत बसवलं, आणि परतीच्या वाटेवर एका वळणावर गाडी थांबवून मनसोक्त रडून घेतलं.

घरी एकटीचा स्वयंपाक त्यांना काही केल्या जमेना. हात दोघींच्याच अंदाजाने पातेल्यात पाणी घालायचा. दार उघडताना ‘‘आले गं’’ म्हणायची सवय होती, ती बरेच दिवस टिकली. मग एक दिवस ते शब्द आले नाहीत, आणि आले नाहीत हे त्यांना चपला काढून झाल्यावर लक्षात आलं. कधी दुकानात गेल्या की पहिला शब्द घशात अडकायचा. खाकरून बोलावं लागायचं. तेव्हा कळायचं की आपण कालपासून तोंडच उघडलेलं नाही. रस्त्यात ओळखीचे चेहरे दिसायचे, पण ते काचेपलीकडे, पुढे बघत चाललेले. गाडी चालवताना इकडेतिकडे बघायचं नाही हे त्यांना या दोघींनीच शिकवलेलं. तक्रार कुणाकडे करायची?

दर आठवड्याला त्या गाडी घेऊन ताईला भेटायला जायच्या. ताईने त्यांना ओळखणं सोडून दिलं होतं. संस्थेने पाठवलेल्या या कुणी ड्रायव्हर बाई आहेत, अशी तिची पक्की समजूत. खोलीत ती अस्वस्थ असायची, येरझारा घालायची, पलंगावरची चादर पुन्हा पुन्हा काढायची. पण गाडीत बसवलं की एकदम निवांत. म्हणून धाकट्या बाई तिला पायांवर शाल पांघरून बाजूच्या सीटवर बसवायच्या आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत, तळ्यावरून, शाळेवरून, बाजाराच्या चौकातून एक मोठा फेरा मारून आणायच्या. एकदा उतरताना ताई म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही गाडी बरी चालवता.’’ साऱ्या जन्मात ताईच्या तोंडून ऐकलेली ही पहिली शाबासकी. धाकट्या बाई संस्थेच्या आवारातच एकट्या हसल्या, आणि मग ते सांगायला कुणी नाही म्हणून गप्प झाल्या.

अशा वेळी गाडीने दगा द्यायला सुरुवात केली.

गाडी जुनी होती. शिकवणीचीच, म्हणजे बाजूच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असलेली. हजार नवशिक्यांनी तिचे गिअर करकरवले होते, तरी तिने कधी वाटेत सोडलं नव्हतं. आता मात्र समोरच्या पट्टीवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. शिवाय ताईला घेऊन फिरताना गाडी मधेच जड व्हायची. कुणीतरी मागून पदर धरावा तशी. एक्सिलरेटर दाबावा तर कुरकुरत पुढे जायची, क्षणात पुन्हा मोकळी. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. आपण एकट्या असतो तर कुठेही बंद पडली असती तरी बिघडत नव्हतं. पण ताई घाबरली की दार उघडून चालू पडते. भर रस्त्यात गाडी बंद पडली आणि ती उतरून निघाली तर काय करायचं?

वर्षानुवर्षं गाडी बघणारे मिस्त्री गॅरेज विकून मुलाकडे राहायला गेले होते. नुसतं बॉनेटला कान लावून ते आजार सांगायचे, आणि औषध मात्र दोन दिवसांनी. धाकट्या बाई कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथे त्यांना गार पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि गणवेशातल्या एका नम्र तरुणाने समजावलं की नुसतं कॉम्प्युटर लावून बघायचेच अमुक पैसे, पुढचा खर्च वेगळा, दिवा परत लागला तर परत तेवढेच. मग आवाज खाली करून म्हणाला, ‘‘आजी, खरं सांगू का, ही आता काढून टाका.’’ त्याच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण ‘काढून टाका’ हा शब्द बाईंना दिवसभर टोचत राहिला. संस्थेत ताईचं नाव घातलं तेव्हाही नात्यातलं कुणीतरी असंच काहीसं बोललं होतं, फक्त जरा गोड शब्दांत.

घरी येऊन त्यांनी ठरवलं, दर वेळी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरपुढे हात जोडण्यापेक्षा आपणच बिघाड वाचणारं एक छोटं यंत्र घ्यावं. मोबाइलवर शोधलं तर यंत्रांचा नुसता बाजार. त्यात सगळ्यात स्वस्त एक निळी डबी होती, काड्यापेटीएवढी. गाडीत लावायची, ती मोबाइलशी बोलते, आणि मोबाइल आपल्याला सांगतो. लोकांनी भरभरून तारीफ लिहिली होती. बाईंनी ती मागवली.

स्टिअरिंगखाली वाकून डबी खोचायचं सॉकेट शोधताना त्यांच्या कंबरेने असहकार पुकारला. शेवटी दार उघडं टाकून त्या गाडीबाहेर गुडघ्यावर बसल्या आणि डबी आत सरकवली. डबीचा दिवा लुकलुकला. मोबाइलवर एक चाक गरगर फिरू लागलं. फिरलं, फिरलं आणि शेवटी लिहून आलं की गाडीशी संपर्क होत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इमारतीतले लोक येता-जाता बघत होते. एकाने विचारलं, काही हरवलं का? बाई ‘नाही’ म्हणाल्या आणि गुडघे झटकत उठल्या. त्या दिवशी त्यांचं कुणाशी झालेलं बोलणं एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या ती डबी घेऊन वॉशरशेठकडे गेल्या. जुन्या बाजाराच्या टोकाला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. कुठलीही तक्रार घेऊन जा, आधी ‘‘वॉशर बदलून बघा’’ म्हणायचा, म्हणून अख्ख्या गल्लीने त्याचं बारसं केलेलं. हाडकुळा, मान पुढे काढून बोलणारा, बोलायला तिरसट, पण खोटा माल गळ्यात मारायचा नाही.

त्याने डबी उलटसुलट केली आणि काउंटरवर ठेवली. मॉडेल कोणतं, गाडी कोणत्या साली घेतली, हे विचारलं. मग त्याने सांगितलं ते असं. बाईंच्या गाडीचं सॉकेट नव्या गाड्यांसारखंच दिसतं, भोकं तेवढीच, पण आतून ती जुन्या पद्धतीने बोलते. त्या काळात प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती. नव्या गाड्या सगळ्या एकाच भाषेत बोलतात, आणि ही स्वस्तातली डबी तेवढीच भाषा शिकून आलीय. वर छापलंय सगळं येतं म्हणून. छापायला काय जातं?

‘‘म्हणजे माझ्या गाडीशी बोलणारं कुणी उरलंच नाही?’’ बाईंनी विचारलं.

शेठने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ‘‘आहेत की,’’ तो म्हणाला. ‘‘पण निवडून घ्यावं लागतं.’’

त्याने आतून तीन खोकी आणली. पहिलं यंत्र मुठीत मावणारं, वायरवालं, मोबाइल नको न् काही नको. गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा कोड दाखवायचं, आणि दुरुस्ती झाल्यावर दिवा विझवायचं. बस. तिसरं यंत्र म्हणजे पाटीएवढा रंगीत पडदा, गॅरेजवाल्यांसाठी. एअरबॅग, ब्रेकचा कॉम्प्युटर, चाव्या, सगळं वाचतं, आणि दर वर्षी पैसे भरून त्याला नवं ज्ञान पाजायचं. बाईंची नजर त्याच्यावर रेंगाळली हे शेठला दिसलं.

‘‘तुमच्या गाडीत एअरबॅग आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘ब्रेकला कॉम्प्युटर?’’

‘‘ब्रेकला आम्ही दोघी होतो,’’ बाई म्हणाल्या.

शेठ हसला नाही, पण ते खोकं त्याने मागे सरकवलं. ज्या गोष्टी गाडीत नाहीतच, त्या वाचायला पैसे कशाला घालवायचे, असं त्याचं म्हणणं. मग पहिलं का नको? कारण कोड म्हणजे नुसतं दुखतंय कुठे ते. केव्हा दुखतं, कशाने वाढतं, ते कळायला चालत्या गाडीचे आकडे बघावे लागतात. इंजिनचे फेरे, वेग, एक्सिलरेटर किती दाबलाय, इंजिनवर किती भार आहे. तुमची गाडी उभी असताना ठीक आणि चालताना जड होते म्हणता, मग तुम्हाला चालताना बघणारं यंत्र हवं. ते हे मधलं. जुन्या बोली सगळ्या येतात, वायरने जोडायचं, आकडे दाखवतं, आणि मुख्य म्हणजे चालवताना ते आकडे साठवून ठेवतं. गाडी चालवताना पडद्याकडे बघायचं नाही, घरी आल्यावर बघायचं.

‘‘आधी तुमच्या गाडीत लावून दाखवतो,’’ शेठ म्हणाला. ‘‘बोललं तर घ्या.’’

दुकानासमोर उभ्या गाडीत त्याने वायर खोचली, किल्ली फिरवली. पडदा क्षणभर कोराच राहिला. मग एकेक आकडा उमटत गेला, इंजिनचं तापमान, फेरे, आणि खाली एक कोड. त्याचा अर्थही तिथेच लिहिलेला. इंजिनात हवा जास्त जातेय आणि पेट्रोल कमी पडतंय. बाई बराच वेळ ते आकडे हलताना बघत राहिल्या. घरात आता त्यांना काही सांगणारं कुणी नव्हतं, आणि ही जुनी गाडी इतकं काही सांगत होती.

मोबाइलवरच्या शहाण्यांनी त्या कोडावर महागाचा सेन्सर बदला म्हणून सांगितलं असतं. शेठने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि बाईंना कान द्यायला लावलं. बारीक फुसफुस ऐकू येत होती. हवेच्या वाटेवरचा एक रबरी पाइप वाकवून बघितला तर पोटाशी चिरलेला. नवा घातला, कोड पुसला, पिवळा दिवा गेला. यंत्र घेऊन बाई घरी निघाल्या तेव्हा शेठने हटकून सांगितलं, ‘‘वॉशरही बदललाय हो.’’

प्रश्न सुटला असं बाईंना वाटलं. पण पुढच्या भेटीला ताईला फेऱ्यावर नेलं, तर गाडी पुन्हा तशीच. पुन्हा कुणी पदर धरावा तशी जड, पुन्हा मागचे हॉर्न. दिवा मात्र लागला नाही. सुदैवाने यंत्र त्यांनी घरापासूनच लावून ठेवलं होतं. जातानाचा एकटीचा प्रवास, ताईबरोबरचा फेरा, परतीची वाट, सगळं त्यात साठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते उघडलं. जातानाची रेघ बघितली. डोंगर चढला तशी चढलेली, उतरला तशी उतरलेली, सरळ, गुळगुळीत. परतीचीही तशीच. ताईबरोबरच्या फेऱ्याची रेघ मात्र दातेरी. जिथे वेग पडला होता, तिथे इंजिनवरचा भार उलट वाढला होता. म्हणजे इंजिन दमत नव्हतं. ते जीव तोडून ओढत होतं, आणि कुणीतरी त्याला अडवत होतं.

चाकाचा ब्रेक अडकत असेल असं वाटून त्या पुन्हा शेठकडे गेल्या. त्याने चारही चाकं उचलून हाताने फिरवली. मोकळी होती. अडकलेला ब्रेक माणूस बघून अडकत नाही, तो म्हणाला, जाता-येता अडकायला हवा. कुठे कुठे जड होते ते आठवून बघा.

बाईंनी तिथेच काउंटरला टेकून रेघेवर बोट ठेवलं आणि फेरा मनातल्या मनात पुन्हा केला. हा पहिला खड्डा, संस्थेच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागताना. हा तळ्याकाठच्या वळणाआधी. हा शाळेसमोर. हा चौकात शिरताना, आणि हा पुढे ट्रक चालला होता तिथे. त्यांचं बोट थांबलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आयुष्य काढलेल्या बाईला ही जागांची यादी पाठ होती. याच जागी पाय उचलून तयार ठेवायचा असतो.

शेठ काहीतरी विचारत होता. बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं, ‘‘कळलं,’’ एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी ताईच्या पायांवर शाल घातली नाही. आवारातून गाडी काढली, फाटकाजवळ आल्या आणि रस्त्याऐवजी खाली बघितलं. ताईचा पाय, लोकरी मोजा आणि सपाट बुटातला, आपसूक उचलला गेला आणि बाजूच्या ब्रेकवर हलकेच टेकला. पूर्ण दाबला नाही. नवशिक्याला घाबरवायचं नाही, पण गाडी हातात ठेवायची, एवढाच. डोळे समोर, मान ताठ. तोंडाने ती काहीच बोलत नव्हती. आजवरही बोलली नसेल, किंवा बोलली असेल आणि हॉर्नच्या गलक्यात ऐकू आलं नसेल.

धाकट्या बाईंनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच होते.

ताईने त्यांच्याकडे वळून बघितलं. ‘‘थांबलीस का? घाबरायचं नाही. आरसा बघ, मग निघ.’’

वर्षभर ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होती. बाईंनी आरसा बघितला. डोळे भरले होते, त्यात काही दिसलं नाही, तरी निघाल्या. तळ्यापाशी ताईने विचारलं, ‘‘नाव काय तुझं?’’

बाईंनी नाव सांगितलं.

‘‘छान,’’ ताई म्हणाली. ‘‘माझ्या बहिणीचं पण हेच नाव.’’

‘‘कुठे असते ती?’’

ताईने जरा विचार केला. ‘‘घरी. वाट बघत असेल. वळणावर हॉर्न दे.’’

बाईंनी हॉर्न दिला.

त्या फेऱ्यानंतर त्या सरळ शेठच्या दुकानी गेल्या आणि बाजूच्या पेडलला खऱ्या ब्रेकशी जोडणारा दांडा सोडवून द्यायला सांगितला. कितीही म्हटलं तरी ताईच्या पायाखाली खरा ब्रेक ठेवणं म्हणजे एखाद्या दिवशी मागच्या गाडीला आमंत्रण देणं होतं, हे त्यांना कळत होतं. शेठने पेडल काढूनच टाकतो म्हटलं. बाई म्हणाल्या, ‘‘नको. तिथेच राहू दे. नुसतं हलू दे.’’ का, ते त्यांनी सांगितलं. सांगताना मधे दोनदा थांबल्या. शेठने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन एक स्प्रिंग शोधून आणली आणि पेडलखाली बसवली, दाबल्यावर पायाला खरं वाटावं म्हणून. यावेळी वॉशरबद्दल तो काही बोलला नाही.

आता गाडीला कुणी अडवत नव्हतं. पण ताईने पेडल दाबलं आणि गाडी सावरली नाही, तर ती बावरायची, दाराच्या कडीकडे हात न्यायची. म्हणून बाईंनी एक करायला सुरुवात केली. ताईचा गुडघा हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला की त्या स्वतः वेग कमी करायच्या. पहिल्या फेऱ्यात हे अवघड गेलं. मग जमलं. ताई खूश. ‘‘आता कसं,’’ म्हणायची. ‘‘घाई करणारे घाई करू देत.’’ क्लच अर्धा ठेवू नये, गाडी उभी करताना चाक कडेला वळवावं, पोरं दिसली की चेंडू दिसायची वाट बघू नये, एकेक गोष्ट ती पुन्हा सांगू लागली. बोलता बोलता वाक्य हरवायचं, पण पुढच्या वळणाला दुसरं सापडायचं. धाकट्या बाई सगळ्याला ‘‘हो’’ म्हणायच्या. घरातल्या शांततेत, भांडी घासताना, त्या ते बोलणं मनात पुन्हा ऐकायच्या. त्यात त्यांच्यासाठी असं काही नव्हतं. कुणाही शिकणारीला सांगावं तेच होतं. तरी आवाज ताईचा होता, आणि तो ऐकायला आठवडाभर थांबायची त्यांची तयारी होती.

असे काही महिने गेले. हवा थंड झाली होती. अशा एका सकाळी फेरा संपला, बाईंनी गाडी संस्थेच्या ओसरीपाशी नीट उभी केली, चाक वळवलं. ताई उतरली नाही. समोर बघत म्हणाली, ‘‘झालं. तुला आता येतं.’’

‘‘अजून घाटात भीती वाटते,’’ बाई घाईने म्हणाल्या.

‘‘ती राहणारच. परीक्षा दे. उद्यापासून यायची गरज नाही.’’

पुढच्या आठवड्यात बाई गेल्या तेव्हा ताई ओसरीवर खुर्चीत बसली होती. गाडीकडे तिने बघितलं, पण उठली नाही. सांभाळणाऱ्या बाईंनी दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला, तर हात झिडकारला. शिकवणी संपली म्हणजे संपली. पास झालेल्या माणसाला तिने आयुष्यात कधी पुन्हा गाडीत बसवलं नव्हतं, हे धाकट्या बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या पायरीवर तिच्याजवळ बसल्या. जरा वेळाने, अगदी परक्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘मला गाडी शिकायचीय. शिकवाल का?’’

ताईने त्यांना नीट न्याहाळलं. या वयात शिकायला निघालेल्या बायका तिने पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि त्यांना ती कधी हसली नव्हती. ‘‘मी आता नवीन घेत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या धाकट्या बहिणीला विचार. ती शिकवते. मऊ आहे, ओरडत नाही. माझ्यापेक्षा बरी शिकवते, पण तिला सांगू नकोस.’’

‘‘नाही सांगणार,’’ धाकट्या बाई म्हणाल्या.

त्यानंतर ताई गाडीत कधीच बसली नाही. थंडी वाढली तशी ती खोलीबाहेरही कमी येऊ लागली. बाई जात राहिल्या. पलंगाशेजारी बसायच्या, काढलेली चादर पुन्हा घालायच्या, ती पुन्हा काढली जायची. गाडी कुरकुर न करता डोंगर चढायची आणि उतरायची. यंत्रात आता बघण्यासारखं काही नव्हतं. गुळगुळीत रेघा येत होत्या, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. मग वॉशरशेठने एकदा सहज म्हटलं की गल्लीत बऱ्याच जणांकडे अशा म्हाताऱ्या गाड्या आहेत, वर्कशॉप त्यांना उभं करत नाही, आणि मला तर दुकान सोडून जाता येत नाही. बाई विचार करते म्हणाल्या. शनिवारी सकाळी यंत्र पिशवीत घालून त्या दुकानी गेल्या. समोर एक जुनी गाडी दिवा पेटवून उभी होती. मालक संकोचून बाजूला झाला. धाकट्या बाई दाराशी गुडघ्यावर बसल्या, वायर खोचली, घसा खाकरला आणि म्हणाल्या, ‘‘किल्ली फिरवा. घाबरायचं नाही.’’